पोटातला गोळा आणि पायाखालची माती: शरीर आणि निसर्गाच्या आधारानं समुपदेशन सुरू करताना

सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एक चूक झाली. दहावीतली एक मुलगी माझ्याकडे यायची. रात्री झोप नाही, सकाळी पोटात गोळा, शाळेचं गेट दिसलं की मळमळ. खोलीत ती फारसं बोलायची नाही. म्हणून मी तिला गावाबाहेर एका शेताच्या बांधावर घेऊन गेले आणि डोळे मिटून वाऱ्याचा आवाज ऐकायला सांगितलं. ती आणखीच आक्रसली. तीन-चार आठवड्यांनी बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, सुट्टीत मी आईबरोबर तसल्याच रानात निंदायला जाते. मालक बांधावर उभा राहून बघत असतो."

मला जे हिरवंगार आणि शांत दिसत होतं, ते तिच्या लेखी उन्हात वाकलेली पाठ आणि मानेवर टोचणारी नजर होती. (या लेखातल्या सगळ्या उदाहरणांमधले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मानसशास्त्राचं शिक्षण संपवून किशोरवयीन मुलांबरोबर किंवा मोठ्यांबरोबर नुकतंच काम सुरू केलेल्यांसाठी हा लेख आहे. बोलण्याच्या जोडीला श्वास, स्नायू, चाल, माती, झाड, पाऊस यांचाही आधार घ्यायचा असेल तर कुठून सुरुवात करावी आणि कुठं जपावं, ते इथं क्रमानं मांडते. सगळ्या पायऱ्यांवर माझा धरून ठेवण्याचा नियम एकच आहे: व्यायाम आपण पुस्तकातून आणायचा नाही, समोरच्याच्या आयुष्यातून शोधायचा.

पहिली पायरी: आपली हद्द

खोलीबाहेर पडण्याआधी हे स्वतःशी स्पष्ट असू द्या. समुपदेशक औषध देत नाही, आणि कुणाचं चालू औषध बंदही करायला सांगत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. ती नसेल तर पाटीवर तो शब्द लिहू नका.

टेकडीवर चालल्यानं तीव्र नैराश्य, उन्माद किंवा भास बरे होत नाहीत. चालण्याचा आधार होतो, उपचारांची जागा त्याला घेता येत नाही. म्हणून पहिला क्लायंट येण्याआधीच तीन गोष्टींची सोय करा: जवळचे मनोविकारतज्ज्ञ कोण, जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य विभाग कोणत्या दिवशी चालू असतो, आणि भरती करायची वेळ आली तर कुठं पाठवायचं. राज्य सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथं आहेत. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २४ तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन क्रमांक प्रत्येक क्लायंटला पहिल्याच दिवशी कागदावर लिहून द्या. मोबाइलमध्ये सेव्ह केलेला क्रमांक ऐन वेळी सापडत नाही, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद सापडतो.

दुसरी पायरी: शब्द गोळा करा

मराठी माणूस मनाचं दुखणं शरीरातून सांगतो. जीव घाबरतो, छातीत धडधडतं, घशाशी आवंढा येतो, हातपाय गळतात, पोटात खड्डा पडतो, डोकं बधिर होतं, ऊर भरून येतो, कसनुसं होतं. "मला चिंताविकार आहे" असं म्हणत आत येणारे थोडे, आणि त्यातले बरेच जण तो शब्द मोबाइलवरून घेऊन आलेले असतात. खाली त्यांचा स्वतःचा शब्द असतोच. तो येईपर्यंत थांबा.

पहिल्या दोन सत्रांत एका कागदावर हे शब्द त्यांच्याच बोलीत लिहून काढा. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, मालवणी असो, जसं ऐकलं तसं लिहा. प्रमाण मराठीत सुधारून लिहिलंत की समोरच्याला आपण परीक्षेला बसलोय असं वाटतं. मग एकेक शब्द घेऊन विचारा: हा गोळा नेमका कुठं? केवढा, लिंबाएवढा की नारळाएवढा? हलतो की एका जागी असतो? कुठल्या वेळी येतो, आणि कशानं थोडा हलका होतो? एक काका म्हणाले, "जनावरांना वैरण टाकताना नसतो." तिथंच मला पुढच्या महिन्याभराचं काम मिळालं.

झिंबाब्वेत हरारे शहरात २००६ साली मनोविकारतज्ज्ञ डॉ. डिक्सन चिबांडा यांनी वस्तीतल्या आज्यांना शिकवून, दवाखान्याच्या आवारात झाडाखालच्या बाकावर बसून लोकांशी बोलायचं काम सुरू केलं. तिथं ‘डिप्रेशन’ हा शब्द वापरला नाही. शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे अति विचार करणं, हाच लोकांचा शब्द त्यांनी घेतला. आपल्याकडे "डोक्यात नुसता भुंगा लागलाय" म्हणतात. भुंगा चालेल. त्याचं लगेच निदानात भाषांतर करायची घाई नको.

संबोधनसुद्धा विचारून ठरवा. पन्नाशीच्या बाईंना पहिल्या नावानं हाक मारणं आधुनिक वाटलं तरी त्या अवघडतात, ‘ताई’ किंवा ‘काकू’ म्हटलं की खांदे सैल होतात. पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र ‘बाळा’ म्हणू नका. आडनावावरून गाव, जात, शेती काढायची आपल्याकडची सवय या खोलीत पूर्ण बंद ठेवा. "कुठले तुम्ही?" हा साधा वाटणारा प्रश्न काहींच्या पोटात खरोखर गोळा आणतो.

तिसरी पायरी: आधी डॉक्टर

धडधड, धाप, चक्कर, थकवा ही लक्षणं रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड, साखरेची चढउतार किंवा बी-१२ची कमतरता यांतही दिसतात. विशेषतः मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिन तपासल्याशिवाय ‘टेन्शन’ म्हणून पुढं जाऊ नका. छातीत दुखत असेल तर आधी ईसीजी. दमा, हृदयविकार, फिट्स, गरोदरपण, पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन, चालू असलेली औषधं हे सगळं विचारून नोंदवून ठेवा. कारण आपण आता श्वासाशी आणि चालण्याशी खेळणार आहोत.

याच बैठकीत आत्महत्येबद्दलही सरळ विचारा: "जगूच नये असं वाटतं का? त्यासाठी काही ठरवलं आहे का?" विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. शेतकरी कुटुंब असेल तर फवारणीचं औषध घरात कुठं ठेवलंय हेही विचारा. ते कुलपात, दुसऱ्याच्या ताब्यात किंवा घराबाहेर हलवण्याची व्यवस्था त्याच दिवशी घरच्यांबरोबर करा. टोकाचा क्षण अनेकदा थोडाच वेळ टिकतो आणि त्या वेळी बाटली हाताशी नसणं जीव वाचवतं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं ११५ वं कलम आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतं आणि तिला शिक्षेपासून संरक्षण देतं. पोलिसांच्या भीतीनं गप्प राहणाऱ्या घरांना हे सांगावं लागतं.

चौथी पायरी: संमती, तीही तीन वेळा

एक शरीरासाठी, एक जागेसाठी, एक घरच्यांच्या बाबतीत.

शरीराच्या बाबतीत माझा नियम कडक आहे: स्पर्श नाही. खांद्यावर हात नाही, श्वास दाखवायला पोटावर हात नाही. सगळं मी माझ्या अंगावर करून दाखवते. "हे नको वाटलं तर नुसता हात वर करा, कारण सांगायची गरज नाही," हे वाक्य प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला पुन्हा म्हणायचं. आपल्याकडे मोठ्यांना, मॅडमना, सरांना ‘नाही’ म्हणायची सवय नसते. म्हणून पहिल्या सत्रात मुद्दाम सराव घ्या. मी एखादी बिनमहत्त्वाची गोष्ट सुचवते आणि त्यांनी नकार द्यायचा. कितीतरी मुलींना यालाच दोन सत्रं लागतात, आणि माझ्या मते ती दोन सत्रं श्वासाच्या दहा प्रकारांहून मोलाची.

१८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती घ्या, पण मुलाचा होकार वेगळा घ्या. आई-वडील आणि मूल अशा तिघांना समोर बसवून, काय गुप्त राहील आणि काय राहणार नाही ते सांगा. जिवाला धोका असेल तर पालकांना सांगितलं जाईल. लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार ती कळवणं बंधनकारक आहे. हे मुलाला आधी माहीत असायला हवं, विश्वासानं सांगून झाल्यावर नव्हे.

पाचवी पायरी: खोलीतच शरीराशी ओळख

बाहेर पडायची घाई नको. पहिली तीन-चार सत्रं आत, दार लोटलेलं, पंखा चालू.

ताणात शरीराच्या दोन तऱ्हा दिसतात. एक उतू जाणं: धडधड, घाम, चिडचिड, पाय हलवत राहणं. दुसरी थिजणं: बधिरपणा, नजर एका जागी, आवाज बारीक, "काही वाटतच नाही". उतू जाणाऱ्याला शांत करायचं असतं, थिजलेल्याला हळूहळू हलवायचं असतं. दोघांना एकच व्यायाम दिला तर एकाचं बिघडतं. थिजलेल्या माणसाला "डोळे मिटा, शांत बसा" म्हणणं म्हणजे त्याला आणखी खोल ढकलणं. म्हणून माझ्याकडे डोळे उघडेच असतात, नजर जमिनीवर किंवा खिडकीबाहेर.

सुरुवात पायांपासून करा. चप्पल काढून टाचा फरशीला दाबायच्या, मग सोडायच्या. उजव्या पायावर भार, डाव्या पायावर भार. एवढंच, दोन मिनिटं. पाय हा शरीरातला फारसा न लाजणारा भाग आहे. छाती-पोटाकडे लक्ष द्यायला सांगितलं की अनेकांना, विशेषतः ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे त्यांना, घाबरायला होतं.

श्वासाबद्दल नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे "मोठा श्वास घ्या". आधीच घाबरून भराभर श्वास घेणाऱ्यानं आणखी मोठे श्वास घेतले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि त्याला वाटतं आता आपण मरणार. श्वास घेणं राहू द्या, सोडणं लांबवा. बशीतला गरम चहा सांडू न देता फुंकतो तसा. ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. श्वास सोडताना मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून हे काम करतं. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं हे समुपदेशनाच्या खोलीत करू नका, दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर मुळीच नाही.

तिसरं, आवळणं आणि सोडणं. अमेरिकन डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेली ही पद्धत: मूठ पाच सेकंद घट्ट आवळायची, सोडायची, फरक जाणवू द्यायचा. मग खांदे, मग जबडा. पिळे मारून धुणं पिळणाऱ्या बाईला हे चटकन कळतं. मी एकदा खरोखर ओला टॉवेल पिळायला दिला होता. ती पिळत राहिली आणि मग रडली. त्या दिवशी आम्ही दुसरं काही केलं नाही.

सहावी पायरी: त्यांच्याकडे आधीपासून काय आहे

इथं मी सगळ्यात जास्त वेळ देते.

जात्यावर बसून दळणाऱ्या बायका ओवी गायच्या. पहाटेचा अंधार, हाताची गोल फेरी, त्या लयीत माहेर, सासर, मेलेलं मूल, दूर गेलेला भाऊ, सगळं दगडाला सांगून टाकायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. शरीराच्या लयीवर दुःख वाहतं करायचं हे ज्ञान आपल्याकडे कुठल्याही कार्यशाळेच्या कितीतरी आधीपासून आहे. साठीच्या बाई समोर असतील तर "आईला ओव्या यायच्या का?" असं विचारून बघा. आलीच एखादी, तर हात आपोआप फिरायला लागतो.

वारीला जाणाऱ्या घरात चालणं, टाळ, फुगडी हे सगळं असतं. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालत गेलेल्या माणसाला चालण्याचं महत्त्व तुम्ही शिकवू नका, त्यांच्याकडून ऐका. कुणासाठी वजूचं गार पाणी आणि नमाजातलं वाकणं-उठणं हा शरीराचा ठाव असतो. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या घरांमध्ये आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे पाहणं, ओळखीचं असू शकतं. कुणाला चर्चमधलं समूहगान, कुणाला ढोलपथक, कुणाला कबड्डी. आणि कुणाला यातलं काहीच नको असतं. देवाधर्माचा कंटाळा आलेल्या मुलाला पुन्हा ओम म्हणायला लावणं हाही अनादरच. आडनाव बघून व्यायाम ठरवायचा नाही, विचारायचं: "जीव हलका होतो असं तुम्ही आधीपासून काय करता?"

एक सावधगिरी. खूप अस्वस्थ असलेल्या माणसाला नातेवाईक "दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये" असं सांगतात. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी ही शिबिरं करू नयेत, असं विपश्यना केंद्रांच्या स्वतःच्या नियमांतच आहे. दहा दिवसांचं मौन हे संकटातल्या माणसासाठी पहिलं पाऊल नव्हे.

सातवी पायरी: बाहेर जायचं तर कुठं

झाडं नुसती दिसण्याचाही उपयोग होतो असं सुचवणारा एक अभ्यास वारंवार सांगितला जातो. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकानं १९८४मध्ये प्रसिद्ध केलेला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ज्या रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास फक्त ४६ रुग्णांचा होता, त्यामुळं त्यावर मोठे दावे उभारू नका. पण मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलासाठी खिडकीतलं एक बदामाचं झाड पुरतं, एवढं धैर्य त्यातून घ्यायला हरकत नाही.

जागा निवडताना आधी विचारा की या माणसाचं या जागेशी नातं काय. निंदणीला जाणाऱ्या मुलीचं वर सांगितलंच. ऊसतोड कामगाराच्या मुलाला फड दाखवून "निसर्ग" म्हणू नका. आदिवासी कुटुंबासाठी रान हे जळण, मोहफूल, तेंदूपान आणि कधी कधी वनखात्याची भीती आहे. पाणवठा तर आपल्या राज्यात कधीच नुसता पाणवठा नव्हता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. आजही एखाद्या मुलाच्या मनात गावच्या विहिरीची आठवण हाकलून दिल्याची असू शकते. नदीकाठी नेऊन "पाण्याकडे बघ, शांत वाटेल" म्हणण्याआधी हे मनात असू द्या.

देवराई फार सुंदर जागा. पण तिचे नियम असतात. अनेक देवरायांमधून वाळकी काटकीसुद्धा उचलत नाहीत, काही ठिकाणी चपला बाहेर ठेवतात, काही ठिकाणी पाळीच्या दिवसांत मुलींना मज्जाव असतो. गावकऱ्यांना न विचारता तिथं सत्र घेऊ नका. आणि एखाद्या मुलीला तिथं तिची पाळी जाहीर करावी लागणार असेल तर ती जागाच सोडून द्या.

आता सुरक्षितता. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच. वळवाच्या दिवसांत दुपारी ढग भरून आले की मोकळ्या माळावर किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, वीज पडते. किल्ल्यांवर आणि कड्यांखाली आग्या मोहोळ असतं, अत्तर-परफ्यूम लावून जाऊ नका. चंद्रपूर-गडचिरोलीत जंगलाच्या कडेला वाघाचा धोका खरा आहे. आणि ज्याच्या मनात मरणाचे विचार आहेत त्याच्याबरोबर कडा, विहीर, धरण, रेल्वेपूल असलेली जागा कधीही निवडायची नाही.

माणसांचाही विचार करा. लहान गावात दहा मिनिटांत कुणीतरी ओळखीचं भेटतं आणि विचारतं, "या कोण?" त्याचं उत्तर क्लायंटबरोबर आधीच ठरवून ठेवा, किंवा मी आधी बोलणार नाही, तुम्ही बोलावं असं ठरवा. टेकडीवर बाई आणि बाप्या एकत्र चालताना दिसले तर हटकणारे लोक असतात. पुरुष समुपदेशक आणि किशोरवयीन मुलगी असेल तर जागा सगळ्यांना दिसेल अशी पण ऐकू जाणार नाही अशी हवी. शाळेच्या मैदानाची कड, पालक लांबच्या बाकावर. पुण्यातल्या टेकड्या, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कोल्हापुरातला रंकाळा या जागा चांगल्या आहेत, पण रविवारच्या गर्दीत नव्हे.

बाहेर पडणं शक्यच नसेल तर गच्ची, गॅलरी, कुंडी. सुनेला एकटीनं बाहेर पडायची मुभा नसलेल्या घरात मी कढीपत्त्याच्या कुंडीवर चार महिने काम केलं आहे.

आठवी पायरी: बाहेरचं पहिलं सत्र

४५ मिनिटं पुरेत. पाणी, टोपी, छत्री, प्रथमोपचाराची पेटी, चार्ज केलेला फोन, आणि आपण कुठं आहोत ते एका सहकाऱ्याला कळवलेलं.

पहिली दहा मिनिटं नुसतं चालायचं, वेग त्यांचा. शेजारी शेजारी चालताना नजर भिडत नाही, त्यामुळं समोरासमोर न सुटणारे शब्द सुटतात. किशोरवयीन मुलांच्या बाबतीत हा फरक फारच जाणवतो. मग एका जागी थांबून पाच दिसणाऱ्या, चार हाताला लागणाऱ्या, तीन ऐकू येणाऱ्या, दोन वास येणाऱ्या गोष्टी आणि तोंडातली एक चव. कडुनिंबाचं पान चावायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. त्यानंतर मोकळा वेळ: दगड गोळा करायचे, मातीत बोट फिरवायचं, काहीच करायचं नाही. मी एकदा विचारते, "मघाचा गोळा आता कुठं आहे?" गोळा तिथंच असेल तर तसं नोंदवायचं. शेवटची दहा मिनिटं परत चालत येताना घरी जाऊन काय करायचं ते बोलायचं, कारण सैल झालेल्या मनानं माणूस थेट घरातल्या भांडणात जाऊन पडतो.

पडलेलं पान, खडा घरी न्यायला हरकत नाही. झाडावरचं तोडायचं नाही.

किशोरवयीन आणि मोठे: थोडा फरक

मुलांना ‘समुपदेशन’ या शब्दाचीच लाज वाटते. "वेडा समजतात का मला?" हा प्रश्न ठरलेला. त्यांना तंत्राचं कारण सांगा, ती हुशार असतात. धडधड का होते, श्वास लांबवल्यानं काय होतं, हे त्यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकाशी जोडून दाखवलं की ती मित्रांना जाऊन शिकवतात. दहावी-बारावीच्या वर्षात पालकांना बाहेर घालवलेला अर्धा तास वाया गेल्यासारखा वाटतो. त्यांच्याशी वेगळं बोला, आणि मार्क वाढतील असं आश्वासन अजिबात देऊ नका.

मोठ्यांच्या बाबतीत अडचण उलटी. "मला कुठं वेळ आहे" हे त्यांचं वाक्य खरं असतं. त्यांना नवा व्यायाम देण्यापेक्षा चालू कामातच जागा शोधा: दूध आणायला जातानाची पाच मिनिटं, झाडांना पाणी घालतानाची पहिली कळशी, एसटीची वाट बघताना टाचा दाबणं. गोव्यात १९९६पासून काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून नैराश्यावरचा एक उपक्रम राबवला. ६ ते ८ सत्रं, आणि गाभा असा की माणसाला त्याच्या आयुष्यातली अर्थपूर्ण कामं टप्प्याटप्प्यानं पुन्हा करायला लावायची. त्याचा उपयोग झाल्याचं २०१७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. "मन लागत नाही म्हणून करत नाही" या साखळीला "करायला लागलो की मन थोडं लागतं" या टोकानं धरायचं. माझ्या अनुभवात हे सगळ्या श्वासतंत्रांहून जास्त टिकतं.

अंगात येत असेल तर

हा प्रसंग आज ना उद्या येईलच. ‘अंधश्रद्धा’ म्हणून झटकू नका, ‘आजार’ म्हणून शिक्काही मारू नका. कधीपासून, कोणत्या दिवशी, त्या वेळी घरचे कसे वागतात, नंतर अंगात आलेल्या व्यक्तीला स्वतःला कसं वाटतं, हे शांतपणे विचारा. वर्षभर कुणाचं ऐकून न घेतलेल्या सुनेचं त्या अर्ध्या तासात सगळं घर ऐकतं, हेही एक उत्तर असू शकतं. फिट्स नाहीत ना, हे मात्र डॉक्टरांकडून पाहून घ्या. देवाला जाणं आणि औषध घेणं दोन्ही चालू राहू शकतं, हे घरच्यांना सांगितलं की विरोध मावळतो. पण मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणं, औषध बंद करायला लावणं इथं आपला आदर संपतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं-बांधणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं महाराष्ट्रात गुन्हा आहे. तिथं बाजू घ्यावी लागते.

थांबायचं कधी

व्यायामानंतर माणूस अधिक बधिर झाला, आपण कुठं आहोत ते विसरला, जुना प्रसंग आत्ता घडतोय असं वागू लागला, तर तंत्र तिथंच सोडा. त्याचं नाव घ्या, आजचा वार सांगा, मनगटावर गार पाणी घ्यायला सांगा, पाय जमिनीवर. हे दोनदा घडलं तर आघातावर काम करण्याचं प्रशिक्षण असलेल्या व्यक्तीकडे पाठवा. झोप अनेक दिवस जवळपास बंद, खाणं बंद, भास, संशय, अचानक उधळपट्टी, मरणाची आखलेली योजना दिसली तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ. रेफर केल्यावरही फोन करत राहा, नाहीतर त्यांना टाकून दिल्यासारखं वाटतं.

आणि तुमचं स्वतःचं शरीर. दिवसाला पाच जणांचा गोळा ऐकून संध्याकाळी तुमचा जबडा आवळलेला असेल तर ती नोंद वहीत करा आणि पंधरा दिवसांतून एकदा सुपरव्हिजनला, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबरच्या आपल्या कामाच्या आढाव्याला, घेऊन जा. फी परवडत नसेल तर तीन-चार समुपदेशक मिळून गट करा. एकट्यानं हे काम करू नका.

काम संपवताना

सत्रं एकदम तोडू नका. आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर आणा. शेवटच्या भेटीत पहिल्या दिवशीचा शब्दांचा कागद पुन्हा काढा आणि कुठले शब्द आता लागू नाहीत ते त्यांनाच खोडू द्या. उरलेल्या शब्दांसमोर काय करायचं ते त्यांच्याच हातानं लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर त्यांच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा.

पुढच्या फोनची तारीख ऋतू बघून ठरवा. काहींचं पावसाळ्यात सलग आभाळ आलं की बिघडतं, काहींचं निकालाच्या दिवसांत, काहींचं कर्जाचा हप्ता येतो तेव्हा, काहींचं ज्या महिन्यात माणूस गेलं त्या महिन्यात. त्या दहावीतल्या मुलीचं निंदणीच्या दिवसांत बिघडायचं. तिला मी पोळ्याच्या आठवड्यात फोन करते.